मांडवाच्या कोपऱ्यातला चेहरा

एका वृद्ध छायाचित्रकाराकडे एकदा एक शिष्य विद्या शिकत होता. हात चपळ, नजर तरतरीत. धीर तेवढा जवळ नव्हता. गुरूंची आज्ञा एकच होती: लग्नाचे फोटो ‘रॉ’मध्ये घ्यायचे, म्हणजे कॅमेऱ्याने जे जे टिपले ते सारे जसेच्या तसे राहते. पण त्या फायली जड, कार्ड लवकर भरते, आणि घरी आणून काम केल्याशिवाय त्यांना रंग चढत नाही. यजमानांना तर फोटो तिथल्या तिथे मोबाइलवर हवे असतात. म्हणून एका लग्नात शिष्याने गुपचूप ‘जेपेग’ लावले. हलक्या, चकचकीत फायली; नको वाटेल तो तपशील कॅमेरा त्यात स्वतःच टाकून देतो. मांडवात कौतुक झाले आणि स्वारी हवेत गेली.

महिन्याभरात वधूचे वडील अपघातात गेले. कॅमेरा दिसला की तोंड चुकवणारा माणूस. घरात त्यांचा धड एकही फोटो नव्हता. सापडला तो मांडवाच्या कोपऱ्यातला. पाठीमागे हॅलोजन, चेहरा काळोखात.

मुलगी म्हणाली, “तेराव्याला फोटोला हार घालायचाय. चेहरा तेवढा उजळून द्या.”

शिष्याने उजेड वाढवला. चेहऱ्याच्या जागी राखाडी चौकोन उमटले. मग त्याने दुसऱ्या फोटोतून दिवंगताच्या भावाचे नाक-डोळे आणून तिथे बसवले. काम इतके बेमालूम झाले की त्याचे त्यालाच बरे वाटले.

गुरूंनी तो फोटो पाहिला, पुसून टाकला, आणि काळोख्या चेहऱ्याचा मूळ फोटोच मोठा करून छापला.

“अण्णा, हे काय केलंत? त्यांना चेहरा हवाय.”

“तो चेहरा कॅमेऱ्याने पाहिला होता रे. तू त्याला सांगितलंस, ओझं नको, नको ते टाकून दे. त्याने काळोख टाकून दिला. त्या काळोखात तिचा बाप उभा होता. उद्या कुणाला काय लागेल हे तुला-मला मांडवात कळत नाही, म्हणून सगळं राखायचं असतं. आता गेलं ते गेलं. निदान दुसऱ्याचं तोंड त्याच्या नावावर खपवू नकोस. आणि तिला हे तूच सांगायचंस.”

मुलगी आली. शिष्याने मान खाली घालून सारे सांगितले. ती रागावली नाही, याचेच त्याला अधिक भय वाटले. तिने फोटो डोळ्यांजवळ धरला. मागच्या दिव्याने कानांच्या कडा तेवढ्या लालसर उजळल्या होत्या.

“कान बाबांचेच आहेत,” ती म्हणाली, आणि फोटो ओढणीत गुंडाळून घेऊन गेली.

पुढच्या लग्नात यजमान फोटोंसाठी घाई करू लागले. शिष्याने हात जोडले आणि ‘उद्या देतो’ एवढेच म्हणाला.