खारीने ओढलेली रेघ

वाघसुद्धा खेळ बघायला निमूट रांगेत बसायचे, त्या काळातली ही गोष्ट. रानातल्या पाठशाळेच्या संघात चिंगी नावाची खार होती. धावता धावता ती सुपारी अशी फेकायची, की थेट उंच ढोलीत! तिला राजाच्या संघात जायचं होतं. तिथे खेळावरच पोट भरायचं.

निवडीला राजाचे कारभारी गेंडेराव आले. खेळ बघून म्हणाले, "वा गं पोरी! आता त्या सागावर उंच रेघ ओढ बघू. आम्हाला काही चढता येत नाही."

चिंगी हरखून सरसर चढली आणि नखांनी झोकात रेघ ओढली.

"छान. आता खाली उभी राहा. डोकं रेघेला लागलं, तर निवड पक्की."

"अहो, पण सगळ्या सुपाऱ्या मीच टाकल्या ना?"

"खेळ शिकवता येतो, बाई. उंची नाही."

हाती आलेली सुपारी चावून खाणारा उंट निवडला गेला.

पुढच्या वर्षी रेघ पुसट झाली, म्हणून गेंडेरावांनी पुन्हा चिंगीलाच बोलावलं. तिने मुकाट्याने ती हातभर वर ओढली. त्या वर्षी उंटाचा धाकटा भाऊ रडत घरी गेला. चिंगीला जागा तेव्हाही मिळाली नाहीच.

गेंडेराव अजून हळहळतात, "हल्ली पूर्वीसारखे उंट राहिले नाहीत!"