ऐरणीवरचा पहिला ठोका

फार पूर्वीची गोष्ट. राजापासून रंकापर्यंत सगळेच तांब्याच्या भांड्यातलं पाणी पीत, त्या काळातली. एका गावात तांबटांची आळी होती. तिथे दिवसभर ठोक्यांचा असा गजर चाले, की नवख्या माणसाला स्वतःचं बोलणंही ऐकू येऊ नये. आळीकरांना मात्र त्या गजरातही कोणता ठोका कोणाचा, हे बिनचूक कळे.

त्या आळीत एक म्हातारा तांबट राहत होता. घडवलेलं भांडं हलक्या ठोक्यांनी उजळवण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. पण एका तापात त्याचं भान गेलं. ताप उतरला, भान काही परतलं नाही. तो माणसं ओळखेना, निखाऱ्याला हात घालू लागला, भरल्या ताटापुढे नुसता बसून राहू लागला.

त्याला दोन मुलगे. थोरला लग्नानंतर आळीच्या दुसऱ्या टोकाला वेगळा राहायचा, धाकटा बापाजवळ. थोरल्याला धाकट्याचा हेवा वाटे, आणि तो हेवा आजकालचा नव्हता. घरात धाकट्याचा पाळणा हलला, त्या दिवसापासूनचा होता. बापाने धाकट्याच्या पाठीवरून हात फिरवला की याच्या पोटात दुखे. आपल्याही पाठीवरून तोच हात फिरला होता, हे त्याला कधी आठवत नसे. हेवा करणाऱ्यांची आठवण अशीच सोयीची असते.

एकदा तो बापाला बघायला आला आणि दारातच थबकला. धाकटा बापाच्या कानाशी लागून काहीतरी कुजबुजत होता. ते ऐकून म्हातारा हसला आणि मुकाट्याने जेवू लागला. थोरला आल्या पावली परतला. काय सांगत असेल हा? घर माझ्या नावे करा म्हणत असेल. दादा वाईट आहे म्हणत असेल. आणि बाबा त्यावर हसतात! त्या दिवशी त्याला घास गोड लागला नाही.

आळीची एक रीत होती. मोठ्या माणसाचं भान गेलं, तर पंच त्याला पालक नेमून देत आणि त्या माणसाचा हातोडा पालकाच्या स्वाधीन करत. मग घर, दुकान, औषधपाणी, सगळं पालकाने बघायचं. पण तो हातोडा त्याने स्वतः चालवायचा नाही. रोज सकाळी तो धन्याच्या हातात द्यायचा, ‘आज तुम्हाला काय हवं?’ असं विचारायचं आणि उत्तर येवो न येवो, थांबायचं. मग धन्याने ऐरणीवर एक ठोका मारायचा. तो ऐकला की आळी समजे, आज या माणसाला विचारलं गेलं. त्यानंतरच बाकीचे हातोडे चालत.

पंच बसले तेव्हा थोरला तावातावाने उठला. “हा बाबांच्या कानात काहीबाही भरवतो. मी डोळ्यांनी पाहिलंय.”

पंचांत एक आजी सगळ्यांत वडील होती. तिने धाकट्याला विचारलं, “काय रे, काय सांगतोस त्यांच्या कानात? बोल की मोकळेपणी.”

धाकट्याने एकदा दादाकडे पाहिलं आणि मान खाली घातली. “नाही सांगता येणार, आजी.”

याच्या मनात काहीतरी काळंबेरं असणार, असं पंचांना वाटलं. हातोडा थोरल्याला मिळाला. तो बायकोला घेऊन बापाच्या घरी राहायला आला आणि त्याने आधी धाकट्याला बाहेर काढलं. “पुन्हा उंबरा ओलांडलास तर याद राख!”

पण म्हातारा जेवेना. सुनेने दूधभात कालवला, शिरा केला. तो तोंड फिरवी आणि दाराकडे बघत बसे. थोरला आतल्या आत जळे. ‘त्याचीच वाट बघताय ना?’ सकाळी हातोडा घेऊन तो बापापुढे उभा राही, पण विचारायला जीभ रेटेना. विचारलं आणि बाबांनी धाकट्याचं नाव घेतलं तर? म्हणून ऐरणीवर तो स्वतःच ठोका मारी.

म्हातारा खंगत चालला. बायको म्हणाली, “अहो, भावजींना बोलवा. त्यांच्या हातून जेवतील.”

“उपाशी राहिले तरी चालेल, पण त्याच्या हातचा घास नको!” थोरला ओरडला. बोलून गेल्यावर तो स्वतःच दचकला, पण शब्द काही त्याने मागे घेतला नाही.

एका सकाळी आजी काठी टेकत दारात आली. मागे धाकटा होता. तो पायरीशीच थांबला.

“पोरा, हा ठोका तुझा आहे,” आजी म्हणाली. “तांबटांच्या आळीत दुसऱ्याच्या नावाने ठोका मारतोस? आम्ही काय बहिरे वाटलो तुला? दे तो हातोडा त्यांच्या हातात. आणि विचार, माझ्यासमोर.”

थोरल्याने हातोडा बापाच्या हातात दिला. “बाबा, आज तुम्हाला काय हवं?”

म्हातारा दांड्यावरून बोटं फिरवत राहिला. बऱ्याच वेळाने म्हणाला, “थोरला आला का? खेळायला गेलाय पोरगा, अजून घरी नाही. तो उपाशी असताना मी कसा जेवू?”

पायरीवरून धाकटा म्हणाला, “दादा, मी रोज त्यांच्या कानात एवढंच सांगायचो, थोरला जेवला, बाबा. मग ते जेवायचे. ते ज्याच्यासाठी थांबतात तो इकडे फिरकतही नाही, हे चारचौघांत कसं सांगणार होतो मी?”

थोरला बापाच्या पायांशी बसला. “बाबा, मीच तुमचा थोरला.”

म्हाताऱ्याने त्याला नीट न्याहाळलं. “तुम्ही? तुम्ही चांगले मोठे आहात की हो. माझा पोरगा एवढासा आहे.” आणि त्याने गुडघ्याएवढ्या उंचीवर हात धरून दाखवला.

थोरल्याला हुंदका आला. त्याने घास कालवला. “जेवला तुमचा थोरला. पोटभर जेवला.”

म्हाताऱ्याने आ केला.

त्याच दिवशी थोरल्याने आपल्या हाताने तो हातोडा धाकट्याला दिला. पुढे रोज सकाळी ऐरणीवर म्हाताऱ्याचा हलका ठोका पडू लागला. थोरला रोज बापाच्या पंगतीला येऊन बसे. “या पाहुणे,” म्हातारा म्हणे आणि त्याच्याकडेच थोरल्याची चौकशी करी. त्याने थोरल्याला शेवटपर्यंत ओळखलं नाही.

म्हणून लहानथोरांनो, ज्याला सांभाळायचं त्याला आधी विचारावं. हेव्याने कान बंद झाले, की आपल्याच नावाने मारलेली हाक आपल्याला ऐकू येत नाही.