दोन भावांमधली घंटा

वंशावळ सांगत गावोगाव हिंडणारा एक वृद्ध होता, आणि त्याच्या हाताखाली ती विद्या शिकणारा एक शिष्य. लिहिलेलं काही नाही, सारं मुखोद्गत. सुगी झाली की अंगणात उभं राहून त्या घरच्या पूर्वजांची नावं म्हणायची, सुपातले जोंधळे घ्यायचे आणि पुढचं घर गाठायचं.

वृद्धाची एक खोड शिष्याला उमगत नसे. नावं म्हणता म्हणता तो मधेच घंटा वाजवी. शिष्याकडून एखादं नाव चुकलं तर सावकाश सांगे. घंटा चुकली तर दिवसभर बोलत नसे. शिष्याला वाटे, म्हाताऱ्याला दम लागतो, तो घंटेआड लपवतो.

एकदा शिष्य गावात पुढे गेला, वृद्ध मागून येत होता. एका अंगणात एक प्रौढ बाई वाट बघत बसली होती. तिच्या आईचं ते माहेर. आई ती रांगत असतानाच गेलेली. लग्नात आईचं नाव बदललेलं, आणि माहेरचं नाव सांगणारं आता कुणी उरलं नव्हतं.

"माझ्या आईला तिची आई काय म्हणून हाक मारायची, तेवढंच सांगा," ती म्हणाली.

शिष्यानं तिच्या आजोबांची मुलं घडाघडा म्हटली. रावजी, धोंडजी, येसाजी. "मुली आम्ही म्हणत नाही, मावशी."

बाई पदर सावरून उठली. तेवढ्यात वृद्ध आला, त्यानं सारं ऐकून घेतलं आणि तिला खाली बसवलं.

"रावजी," तो म्हणाला. मग घंटा वाजवली. "धोंडजी. येसाजी."

बाई त्याच्याकडे बघत राहिली.

"घंटा वाजली तिथं तुझी आई आहे, लेकी. रावजीच्या पाठची. नाव माझ्यापाशी नाही."

मग तो शिष्याकडे वळला. "माझ्या गुरूंच्या काळी वंशावळ विचारायला यायचे ते वाटणीवरून भांडणारे भाऊ. म्हणून भावांची नावं राखली. आईला शोधत कुणी लेक येईल, हे कुणाच्या मनातच आलं नाही. पुढं कोण काय मागेल ते राखताना कळत नाही रे. निदान इथं कुणीतरी होतं, एवढं तरी पुसू नये."

बाईनं पुन्हा म्हणायला सांगितलं. तिसऱ्या वेळी तिनं हात पुढे केला. "इथली मी वाजवते."

पुढच्या घरी मुलगा झाला होता. शिष्यानं त्याचं नाव विचारून घेतलं, पाठ केलं. मग दाराआडून डोकावणाऱ्या पोरीकडे बघून म्हणाला, "आणि हिचं?"

घंटा त्यानं काखेत घट्ट धरली होती. इथं ती वाजवायची गरज नव्हती.