पोथीच्या शेवटच्या दोन ओळी

जुनी पोथी छापायला मागण्यासाठी इंदुताई खांबेटे सातव्यांदा मठात आल्या, तरी महंत ती देईनात. मांडीवरची उघडी पोथी थोपटत ते म्हणाले, "बाई, लिहिणाऱ्यानंच शेवटच्या ओळीत पोथीच्या तोंडून बजावलंय, मला मूर्खाच्या हाती देऊ नका!"

शिष्य खो खो हसले. इंदुताईंच्या डोक्यात तिडीक गेली.

"आजवर कुणाच्या हाती होती?"

"चाळीस वर्षं फक्त माझ्या. दुसऱ्या कुणाला शिवूसुद्धा दिली नाही!"

"मग त्याच्या वरची ओळही वाचा की, महाराज! तेलापाण्यापासून मला जपा, असं लिहिलंय. इथं समईचं तेल पानापानांत मुरलंय, छप्पर गळून अर्धी शाई वाहून गेलीय. लिहिणाऱ्याला ज्याची धास्ती होती, ते चाळीस वर्षांपूर्वीच घडलं!"

महंतांनी पोथी पुढे सरकवली.