कसरीनं पाडलेले सूर

एके काळी आपोआप वाजणारे पियानो असत. आत कागदाची गुंडाळी फिरे आणि कागदात जिथे भोक, तिथे सूर वाजे. असा एक पियानो, सूर वाजवणारा हवेचा भाता फाटून, संग्रहालयात पडून होता. त्याची एकुलती गुंडाळी जवळच होती, पण ती इतकी जुनी, की एकदा उलगडली तर पुन्हा गुंडाळता आली नसती.

एके दिवशी तिथे स्कॅनर आला. "आजी, एकदाच उलगडा. तुमचं गाणं मी टिपून ठेवतो."

"मला कसर लागलीय," गुंडाळी म्हणाली. "सुराचं भोक कोणतं आणि किड्याचं कोणतं, तुला कळेल?"

"नाही. मी सगळीच टिपतो."

"मग नको. चुकीचं गाणं मागे ठेवण्यापेक्षा मी अशीच संपेन."

तेव्हा पियानो बोलला, "अगं, वाजवता येत नसलं तरी मला पाठ आहे. तू उलगड."

गुंडाळी उलगडत गेली, स्कॅनर भोकं टिपत गेला आणि शेवटी तिचा चुरा झाला. स्कॅनर एकेक सूर ऐकवू लागला. पियानो सांगे, "हा कसरीचा," की स्कॅनर तो पुसून टाकी. एका सुरापाशी मात्र पियानो अडला.

"ठेवू की पुसू?"

"ठेव," पियानो म्हणाला. "आणि शेजारी लिही, पियानोला आठवत नाही."