हैबती बहुरूप्याचा स्वतःचा आवाज

डोंगरापलीकडच्या एका राज्यात फार पूर्वी हैबती नावाचा एक बहुरूपी राहत होता. तो वैद्याचं सोंग घेऊन आला की लोक नाडी दाखवायला हात पुढे करत. वाघ होऊन आला की गुरं दावी तोडून पळत.

पण सोंग उतरवल्यावरही हैबती कुणाच्या तरी आवाजातच बोलायचा. बाजारात पाटलाच्या, देवळात पुजाऱ्याच्या, पाणवठ्यावर कोतवालाच्या. लोकांना वाटे, गडी मोठा गमत्या आहे. खरी गोष्ट फक्त त्याच्या बायकोला, सरजाला ठाऊक होती. स्वतःच्या आवाजात बोलायला लागला की हैबती अडखळायचा. दुसऱ्याच्या आवाजात मात्र त्याची जीभ कधी अडत नसे.

एके वर्षी राणीने दवंडी पिटवली, "ज्याच्या सोंगाची नक्कल कुणालाच जमणार नाही, त्याला राजबहुरूपी नेमू."

राज्यभरातले बहुरूपी दरबारात जमले. राणीच्या पदरी एक नकल्या होता, भारी तयारीचा. कुणी साधू झाला, कुणी खाष्ट म्हातारी, कुणी मस्तवाल हत्ती. नकल्या एकदा नीट पाहायचा आणि लगेच हुबेहूब तसंच करून दाखवायचा. एकेक जण मान खाली घालून बाहेर पडू लागला.

हैबतीने मोठ्या हिमतीचं सोंग आणलं होतं. तो खुद्द राणी होऊन आला. तीच चाल, तसंच पदर सावरणं, तोच करडा आवाज. दरबार हसून लोटपोट झाला. राणीलाही हसू आवरेना. मग नकल्या उठला, डोक्यावर पदर घेतला आणि सगळं जसंच्या तसं केलं.

हैबतीचा चेहरा उतरला.

"आणखी काही आहे का तुझ्याजवळ?" राणीने विचारलं.

तो इतका खचला होता की कुणाचा आवाज घ्यावा हे त्याला सुचलंच नाही. "ना... ना... नाही, स... सरकार."

दरबारात खसखस पिकली. राणी म्हणाली, "हे कुणाचं सोंग?"

एखाद्या शेजाऱ्याचं नाव सांगितलं असतं तरी सुटका होती. लोक हसले असते, तोही हसला असता आणि निमूट घरी गेला असता. त्याने गर्दीत उभ्या असलेल्या सरजाकडे पाहिलं. मग पदराने तोंडावरचा रंग पुसून टाकला.

"सोंग नाही, सरकार. मी अ... असाच बोलतो."

आता कुणी हसलं नाही. "मग आजवर लपवलंस का?" राणीने विचारलं.

हैबती सांगू लागला. "लहानपणी आईने गूळ आणायला धाडलं. मी वा... वाण्यापुढे उभा राहिलो, आणि गू... गू... याच्या पुढे गाडी जाईना. वाणी का... काठी घेऊन मागे लागला."

दरबार खदखदून हसला. सगळ्यांत मोठ्याने हैबतीच हसत होता.

"दुसऱ्या दिवशी पा... पाटलांच्या आवाजात मागितला. वाण्याने मुकाट्याने बांधून दिला. घरी येऊन आईशीही त्याच आवाजात बोललो. तेव्हापासून बा... बाहेर माझ्या आवाजात कधी काही मागितलं नाही."

राणीने नकल्याला खूण केली. त्याने वाणी केला, काठी केली, अडखळणंही बिनचूक केलं.

"आणि आई काय म्हणाली?" राणीने त्याला मध्येच विचारलं.

नकल्या थांबला. त्याने हात जोडले. "सरकार, अडखळणं मला जमलं. पण त्याची आई काय म्हणाली, ते मला कुठून ठाऊक असणार? ते त्याच्या वाट्याला आलंय. मी हरलो."

राणी हैबतीकडे वळली. "तू सांग."

"आ... आई म्हणाली, गूळ आणलास रे, पण माझा हैबती कु... कुठे ठेवून आलास?"

राणी सिंहासनावरून उठली आणि आपल्या हाताने तिने हैबतीच्या खांद्यावर मानाचा शेला घातला. नगारे वाजू लागले. ज्या बहुरूप्यांना नकल्याने हरवलं होतं, त्यांनीच हैबतीला खांद्यावर उचलून घेतलं आणि राजवाड्याभोवती मिरवलं. वरून तो ओरडून सरजाला हाका मारत होता, अडखळत, आणि आज त्याला त्याची लाज वाटत नव्हती.

पुढे हैबतीने पुष्कळ सोंगं केली. पण खेळ संपला तरी लोक उठत नसत. तो रंग पुसून आपल्या आवाजात एखादी गोष्ट सांगेल, म्हणून ते वाट पाहत बसत.

तात्पर्य: दुसऱ्यासारखं होणं कुणालाही शिकता येतं, आपल्यासारखं होणं मात्र जगात एकट्या आपल्यालाच जमतं.