भागीरथीचे धोंडे

बसा जरा या वाळूवर. बाजारात पापलेट विकणारी ती बाई टोपली झाकून उठून गेली, म्हणून तुम्हाला राग आला, हे मी पाहिले. सुट्टी काढून इतक्या लांब आलात, किनारा तुडवलात, कोकम घेतलेत, मसाला घेतलात, आणि शेवटी मासळीशिवाय परत. पण चूक तुमचीच. तुम्ही तिला म्हणालात, ‘ताजं आहे म्हणतेस ते खोटं.’ आमच्या नांगरवेळ गावच्या बाजारात भावावरून भांडावे, हवी तर शिवीही द्यावी. ‘खोटं’ मात्र म्हणायचे नाही. ज्याच्या तोंडून गेले, त्याने समोरच्या या धोंड्यांच्या ढिगातला एक धोंडा उचलून समुद्रात टाकायचा. तोवर त्याला कोणी शेपूटसुद्धा विकणार नाही.

असे सांगतात की त्या काळी बाजार इथेच, या वाळूवर भरे. होडीला रग्गड मासळी मिळाली की डोलकाठीवर तांबडे फडके चढायचे. ते दिसले की बायका टोपल्या घेऊन कमरेएवढ्या पाण्यात धावायच्या, आणि होडीच्या काठाला जिचा हात पहिला लागेल तिची पहिली निवड. अशी आमची रीत. तिच्यापायी सख्ख्या जावा एकमेकींचे केस उपटत, म्हणे.

भागीरथी नावाची विधवा या धावण्यात सगळ्यांच्या पुढे असे. आता तिला साधी म्हणून मी तुम्हाला फसवणार नाही. बाई महाबिलंदर होती. आठवडाभरापूर्वीच तिने ‘होडीत नुसतं शेवाळ आसा गो’ असे सांगून सगळ्यांना मागे फिरवले होते आणि टोपलीभर सुरमई एकटीने लाटली होती. तिची एकुलती एक मुलगी वेणू, सोळा वर्षांची. आईच्या या लबाडीची तिला भारी लाज वाटे. बाजारात ती आईच्या शेजारी बसत नसे.

त्या दिवशी भर सकाळी तांबडे फडके दिसले. होडी आपलीच, ओळखीची. बायका उठल्या, वेणू सगळ्यांच्या पुढे. भागीरथीही निघाली आणि मध्येच थबकली. मासळीने भरलेल्या होडीवर पाखरे घिरट्या घालतात. या होडीवर एकही पाखरू नव्हते.

“थांबा गो! वर पाखरू नाय! ती आपली माणसा न्हय!” ती ओरडली.

बायका हसल्या. “आज पुन्ना सुरमई व्हयी दिसता हिका!” असे म्हणत धावत राहिल्या. भागीरथीने मुलीला चार हाका मारल्या. वेणूने मागे वळूनही पाहिले नाही. तिचा पाय पाण्यात पडणार, एवढ्यात भागीरथीने हातातली मासे कापायची कोयती नेम धरून फेकली. ती वेणूच्या घोट्यात रुतली. पोर किंचाळून पडली, ओली वाळू लाल झाली.

“मासळीसाठी पोटच्या पोरीक तोडल्यान!” एकच ओरडा झाला. तिघीजणी तशाच पुढे धावल्या. बाकीच्या साऱ्या मागे फिरल्या आणि त्यांनी धोंडे उचलले. पण विधवा बाई, त्यातून आई. पहिला धोंडा मारायचा कोणी? तेवढ्यात वाळूत पडलेल्या वेणूने हाताशी आलेला दगड घेतला. “खोटारडी! माझी आवस खोटारडी! मारा तिका!” असे म्हणून तिनेच तो फेकला. तो कपाळावर लागला. मग कोणाचाच हात थांबला नाही.

भागीरथीने स्वतःला वाचवायला हात आडवे धरले नाहीत, म्हणे. मरेपर्यंत ती समुद्राकडे बोट दाखवत होती.

त्या तिघी होडीपाशी पोहोचल्या. त्यांनी काठाला हात लावले, आणि ते हात मनगटापासून तुटून आत पडले. तांबड्या फडक्याखालून चांचे उठले, तलवारी उपसून पाण्यात उतरले. किनाऱ्यावर साऱ्या बायका एकत्र, आणि साऱ्यांच्या हातात धोंडे. कमरेएवढ्या पाण्यात अडकलेल्या चांच्यांना त्यांनी ठेचून मारले. एकही परत गेला नाही. होडीच्या फळ्यांखाली आपली चार माणसे मिळाली, गळे चिरलेली.

गाव वाचले. भागीरथीच्या अंगावर धोंड्यांचा ढीग तसाच राहिला, तो हा. बायका तो उपसायला आल्या तेव्हा वेणूने कोणाला हात लावू दिला नाही. ती म्हणाली, “आधी माझो धोंडो काढूक व्हयो.” रोज ती लंगडत येई, एक धोंडा उचली, उलटून पाही आणि समुद्रात टाकी. दर पावसाळ्यात समुद्र तितकेच परत आणून टाकी. अशी तिची पन्नास वर्षे गेली. तिचा धोंडा तिला सापडला नाही.

आजही नांगरवेळचा कोणीही माणूस इथला धोंडा उचलताना आधी उलटून पाहतो, वेणूच्या धोंड्यावरचे रक्त त्यावर आहे का. तुम्हीही पाहा. नसेल, तर टाका.